गाव विचारायचं नाही

अपघातावर आमच्या थोरल्या साडूंइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात सापडायचा नाही. चुकलो. अपघातावर नव्हे, अपघात झालेल्या माणसावर. पण बघणाऱ्याला हा फरक चटकन कळत नाही, कारण रस्त्यावर कर्रकन ब्रेक वाजला की साडूंच्या चेहऱ्यावर जी टवटवी येते, ती पंगतीत जिलबी आल्यावरही येत नाही. ते निवृत्त चित्रकला शिक्षक, त्यामुळे खिशात पांढरा खडू कायमचा. जखमीला रिक्षात घालून दवाखान्याकडे रवाना केलं, की साडू भर रस्त्यात उकिडवे बसतात आणि गाडीच्या चारही चाकांभोवती रेघा ओढतात. रेघा इतक्या सुबक, की मागे हॉर्न वाजवणारेसुद्धा घटकाभर गप्प बसून बघतात. मग साडू उठतात आणि सांगतात, "घ्या आता गाडी बाजूला. पंचनाम्याला एवढं पुरे." मी एकदा म्हणालो, "अहो, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. फोटो निघतातच की." त्यावर म्हणाले, "फोटो सगळ्यांकडे असतो साडूभाऊ, पोलिसांना देतो कोण?" घरी दूध उतू गेलं तरी त्यांचं पहिलं वाक्य "कशाला हात लावू नका" हेच असतं, आणि माझ्या थोरल्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या ताईंनी, त्यांच्याबरोबर संसार कसा केला हे त्यांनाच ठाऊक.

साडूंचा दुसरा नियम मात्र आमच्याकडे पाळायला महाकठीण. अपघाताच्या जागी कुणी कुणाला गाव विचारायचं नाही! आता चाकणपासून चिंचवडपर्यंत माणसाला माणूस भेटला की गाव विचारल्याशिवाय घशाखाली पाणी उतरत नाही. दोन गाड्या भिडतात, दोघं बाह्या सरसावतात, आणि तेवढ्यात गर्दीतले एक पिकल्या मिशांचे बाबा विचारतात, "गाव कंचं रं तुझं?" गाव निघालं की आडनाव निघतं, आडनावातून आत्या निघते, आत्याचा दीर निघतो, आणि फुटलेल्या गुडघ्यासकट सगळं प्रकरण टपरीवर चहाला जातं. साडूंच्या धाकट्या भावाचं दापोडीला असंच झालं. धडक देणारा मामाच्या गावचा निघाला. गळाभेट झाली, तक्रार राहिली, आणि पाय आखडला तो कायमचा. पुढे भरपाई मागायला गेले तर अपघात झाल्याचा पुरावाच नव्हता. "माझ्या भावाचा पाय एका कटिंग चहात बुडाला," असं साडू सांगतात, आणि तेवढं सांगताना त्यांची टवटवी पार मावळते. तेव्हापासून गर्दीत कुणी गावाचा विषय काढला की ते शाळेतल्या आवाजात गरजतात, "आधी पंचनामा, सोयरीक संध्याकाळी!"

या खोडीपायी साडूंच्या लेकीचं लग्न मोडता मोडता राहिलं. चाकणच्या पुढं एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही मुलगा बघायला गेलो, तर साडूंनी ना गाव-शीव विचारली, ना शेती. अंगणातल्या पिकअपकडे बोट करून विचारलं, "हिचा विमा कधी संपतो?" ताईंनी कपाळाला हात लावला. पण व्याही दिलदार माणूस, पोट धरून हसले आणि तिथंच सुपारी फुटली. पुढे दरवर्षी विम्याची आठवण करणारा साडूंचा फोन त्यांना न चुकता जायचा.

तीनेक वर्षांपूर्वी मी आणि साडू सकाळी चिखलीत गेटची जाळी बघायला गेलो होतो. चौकात कंपनीच्या बसची वाट बघत बायका उभ्या होत्या. एक पिकअप भसकन मागे आली आणि त्यातल्या एकीला पाडून थांबली. गुडघ्याची अवस्था बघवत नव्हती. साडूंनी तिला मैत्रिणीबरोबर रिक्षात घातलं, खडू काढला आणि वळून पाहिलं, तर पिकअपमधून उतरत होते त्यांचे व्याही.

"पाव्हणं, तुमी हाय व्हय!" व्याह्यांचा जीव भांड्यात पडला. "लई बरं झालं बगा, घरचंच मानूस भेटलं. बाई परभणीकडची हाय म्हनं, हितं कोन न्हाई तिचं. दवाखान्याचं मी बगतो. मिटवून टाकू राव."

गर्दीनं माना हलवल्या. खरं सांगतो, मलाही हायसं वाटलं. साडू मात्र खाली बसले. मी त्यांची पहिली वाकडी रेघ त्या दिवशी पाहिली.

"विमा चालू आहे, व्याही. भरपाई विमा कंपनी देईल. तुमच्या खिशाला तोशीस नाही."

"पर गुन्हा माझ्या नावावर लागंल की! सुनंच्या बापानं तिच्या सासऱ्यावर केस घालायची?"

"तिचं इथं कुणी नाही, हे तुम्हीच म्हणालात ना?" साडू वर न बघता म्हणाले आणि दुसऱ्या चाकाकडे सरकले.

दावा उभा राहिला आणि साडू साक्षीला उभे राहिले. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "गाडी चालवणाऱ्याशी तुमचं वैर आहे का?" साडू म्हणाले, "आधी नव्हतं, आता आहे." कोर्ट हसलं. ताई हसल्या नाहीत. बाईला भरपाई मिळाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पण साडूंची लेक तेव्हापासून दिवाळीला माहेरी आलेली नाही. गोठ्यामागं जाऊन चोरून फोन करते आणि नातवाचं तोंड दाखवते. साडू तेवढा वेळ चष्मा पुसत असतात.

यंदा दिवाळीच्या पाडव्याला मी त्यांच्याकडे होतो. बेल वाजली, आणि दारात ती परभणीची बाई शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन उभी. बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "काका, तुमचं गाव कोन्तं ओ? कोर्टात इतक्यांदा भेटलो, पर तुमी 'सोयरीक संध्याकाळी' म्हनून इचारूच देत नव्हते."

साडू आता गरजणार म्हणून मी सावरून बसलो. पण त्यांनी गाव सांगितलं. नदी सांगितली, जत्रा सांगितली, आत्या कुठं दिली तेही सांगितलं, आणि मग तिचं गाव विचारलं. दोघांनी मिळून दोन्हीकडची सगळी आडनावं धुंडाळली. कुठंच काही जुळलं नाही.

"आपण एकमेकांचे काहीच लागत नाही," साडू म्हणाले.

"मंग संध्याकाळी सोयरीक कोनाशी करता?" ती म्हणाली, आणि साडूंना ठसका लागेपर्यंत हसू आलं.

निघताना ताईंनी लेकीसाठी बाजूला काढून ठेवलेला चकल्यांचा डबा आणला आणि तिच्या पिशवीत घातला. साडू गॅलरीत उभे राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होते. मग मला हळूच म्हणाले, "पाऊल सरळ पडतंय हो तिचं." मी हो म्हणालो. त्यानंतरही ते बराच वेळ तिथंच उभे होते, चाकणकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत.