फ्लेक्सवर बिनविरोध

परदेशातल्या एका मोठ्या कोर्टात मी न्यायाधीश आहे, आणि तिथं माझी ख्याती एकाच गोष्टीसाठी आहे. बाकी सगळे हो म्हणाले की मी नाही म्हणते. मुद्दाम नाही म्हणत, पटत नाही म्हणून म्हणते. मग का पटत नाही ते पानंच्या पानं लिहून काढते, ती पानं निकालाच्या पाठीला जोडली जातात आणि निकाल लागायचा तोच लागतो. मी घसा खाकरला की शेजारचे न्यायमूर्ती पेनाला टोपण लावतात. आता जेवण लांबणार, हे त्यांना सवयीनं कळतं.

कडेगाव तालुक्यातल्या आमच्या गावानं याचा एकच अर्थ लावला होता. मी पडले. पेपरात 'एका न्यायाधीशाचे भिन्नमत' अशी चार ओळींची बातमी आली तरी पारावर आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुणीतरी गाठायचंच. "आवं आबा, लेक परत पडली म्हनं! डिपॉझिट तरी ऱ्हायलं का?"

आबा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले. वरून हुकूम आला की खाली तामिली, मध्ये चर्चा नाही. ते तडक मला फोन लावायचे. "एवढी शिकलीस, तरी दर बारीला एकलीच कशी पडतीस गं?"

"आबा, पडले नाही. भिन्नमत दिलं."

"त्येच त्ये," म्हणून फोन ठेवायचे. मला हसू यायचं आणि थोडं लागायचंही. जगभरचे वकील माझी पानं वाचतात म्हणे, पण बापाला लेक हरल्यासारखी वाटते, याचं वाईट वाटायचं.

खोड जुनीच. साताऱ्याला हॉस्टेलवर होते तेव्हा रेक्टरबाई पंगतीत फिरून विचारायच्या, आमटी कशी झालीय? सगळ्या पोरी एका सुरात छान म्हणायच्या. मी म्हणाले, आमटी कुठाय, हे तर पाणी. शिक्षा म्हणून आमटी मलाच करायला लावली. ती अशी काही जहाल झाली की बाईंनी पुन्हा पंगतीत कुणाला काही विचारलं नाही. पुढं सांगलीच्या कोर्टात ज्युनिअर असताना सीनियरसाहेबांनी अशिलासमोर ऐटीत विचारलं, "काय, बरोबर ना?" मी म्हणाले, "नाही." अशिलानं खूश होऊन वकीलपत्र माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघं मिळून केस हरलो. त्यानंतर कोर्टं मोठी होत गेली, माझं नाही तेवढंच राहिलं.

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर आले, तर गावानं सत्कार ठरवलेला. कराडहून दादा गाडीतून घेऊन निघाला. वेशीवर आलो आणि मी किंचाळलेच. भल्यामोठ्या फ्लेक्सवर माझा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोटो, त्याला गुलाबी गाल, आणि खाली हे एवढ्या अक्षरांत: 'आंतरराष्ट्रीय न्यायालयावर सदैव बिनविरोध! गावच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन!'

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचे दिवस होते. फ्लेक्सवाल्याकडं बिनविरोधचा साचा तयारच होता, त्यानं फोटो तेवढा बदलला. मी इतकी हसले की दादाला गाडी कडेला घ्यावी लागली. दादा मात्र हसत नव्हता.

कारण घरात कळलं. आमच्या गावाची सगळ्यात मोठी मिरवण्याची गोष्ट म्हणजे बिनविरोध. निवडणूक कसली ती होऊच द्यायची नाही, बसून ठरवायचं आणि गुलाल उधळायचा. यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव, आणि ठरली होती माजी सरपंचांची सून. पण वहिनीनं, माझ्या दादाच्या बायकोनं, कुणाला न विचारता अर्ज भरून टाकला होता. दुसऱ्या दिवशी तीनपर्यंत माघारीची मुदत होती.

वहिनी माझ्या सत्काराच्या साडीला इस्त्री करत होती. मी विचारलं, "का गं भरलास अर्ज?"

"सरपंच व्हायचंय."

"ते कळलं. पण का?"

"आवं वन्सं, बाप्या मानसाला कुनी इचारतंय का, का व्हायचंय म्हनून?"

मला हे इतकं आवडलं की मी तिला कडकडून मिठी मारली. इस्त्री तेवढ्यात साडीवर तशीच राहिली आणि त्रिकोणी डाग पडला. आम्ही दोघी तो डाग बघून खिदळत बसलो, पन्नाशी ओलांडलेल्या बायका!

दादा दारात उभा होता. म्हणाला, "तितं तू न्हाई म्हनलीस तर तुजा चा बंद हुतोय का? हितं ऊस उभा हाय. अख्खं गाव फिरलं तर तोड कोन दील, आन् टॅक्टर कुनाच्या बांधावरनं काढू?"

दादाचं खरं होतं. तिथं मी नाही म्हणते आणि नंतर सगळे मिळून जेवतो. इथं नाही म्हटल्यावर वहिनीला याच गावात राहायचं होतं.

सकाळी शाळेच्या मैदानात सत्कार. डाग निऱ्यांत खोचून मी स्टेजवर बसले. माजी सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला आणि हळूच म्हणाले, "ताईसाहेब, वहिनींना जरा समजवा. गाडी तयार हाय. कडेगावला जाऊन सही तेवडी करायची. तुमचा शबुद मोडायच्या न्हाईत त्या." माणूस वाईट नाही. मला सायकल शिकवली ती यांनीच.

मग माईक घेऊन ते गावाला म्हणाले, "आपलं गाव एक हाय. यंदाबी बिनविरोध! कुनाची हरकत असंल तर आत्ताच बोला." बोलण्याची पद्धत असते तशी ती. कुणी बोलावं अशी अपेक्षा नसते. बायकांच्या घोळक्यात वहिनी मान खाली घालून बसली होती. इथल्या यादीत माझं नाव नाही, मला मत नाही, पण सवयीनं मी घसा खाकरलाच.

"हरकत हाय."

हे मी नव्हते. पहिल्या रांगेत आबा उठले होते, फौजेत उभे राहायचे तसे सावधान.

"आवं आबा, बसा. सत्कार चाललाय."

"कशाचा चाललाय सत्कार? माजी लेक समद्यांच्या म्होरं न्हाई म्हनती म्हनूनच ना? मग माजी सून न्हाई म्हनली तर गाडी कशापायी तयार?"

मग मागून एक बाई फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळा घोळकाच. मला तर नारळ धरवेना. तेवढ्यात वहिनी उठली, तरातरा त्या तयार गाडीत जाऊन बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "वस्तीवर घे. तितल्या बायांना भेटायचंय." बिचाऱ्यानं गोंधळून गाडी सुरूही केली. मी नारळासकट स्टेजवरून उतरून तिच्या शेजारी घुसले. न्यायाधीशानं प्रचार करू नये म्हणून मी तोंड मिटून नुसती हसत होते. उसाच्या मधल्या रस्त्यावर धूळ उडवत आम्ही फिरलो आणि तीन कधी वाजून गेले ते कळलंही नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी नव्हते, आणि मला वेड्यासारखा आनंद झाला होता.

वहिनी पडली. उसाला तोडही उशिरा मिळाली, दादा अजून कुरकुरतो. मतमोजणीच्या दिवशी मी परत परदेशात होते. दादानं व्हिडिओ कॉल लावला तेव्हा पारावर ही गर्दी, मध्ये आबा, हातात साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा. शेजारी वहिनी, पदर खोचून, निवडून आल्यासारखी हसत होती.

कुणीतरी ओरडलंच, "काय आबा, लेकीमागं सूनबी पडली की!"

आबांनी पुड्यातला पेढा काढला, त्याच्या तोंडापुढं धरला आणि दटावून म्हणाले, "पडली न्हाई रं. भिन्नमत दिलंय तिनं. त्वांड उघड."