खाकी दिसली की बसणारा धाकू

कोपरीजवळच्या मिठागरात धाकू मिठाच्या टोपल्या वाहायचा. मी तिथे कारकून होतो. दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मध्ये पाऊलभर रुंदीचा बांध. त्यावरून डोक्यावर टोपली घेऊन तो धावतच जायचा. सत्तावन्न साली, धाकूची चाळिशी अजून यायची होती, तेव्हा त्याचा तोल जाऊ लागला. एक टोपली पाण्यात गेली, मग दुसरी.

"काय धाक्या, सकाळीच लावलीस?" गडी हसायचे. तेव्हा दारूबंदी होती. धाकू हसत नसे.

एका संध्याकाळी हवालदाराने त्याला बाजारात धरलं. निरोप आला तसा मी चौकीवर गेलो. धाकूची बायको तुळसा तिथे आधीच भांडत होती.

"तोंड हुंगा ना त्याचं, दादा!"

"हुंगलं. वास नाही. पण चाल बघ की याची! चल रे, चालून दाखव."

धाकूने भिंत सोडली आणि दोन पावलांत तो माझ्या अंगावर कोसळला.

"मी सरळच चालतो साहेब, पायच ऐकत नाय."

"उद्या डॉक्टरची चिठ्ठी आण," हवालदार म्हणाला. "नाहीतर आत."

ठाणे शहरातल्या डॉक्टरांनी त्याला टेबलाच्या कडेला बसवून गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला, खाली आला आणि घड्याळाच्या लंबकासारखा झुलत राहिला. धाकूने घाबरून तो दोन्ही हातांनी धरला.

डॉक्टरांनी सांगितलं त्यातलं मला कळलं ते एवढंच. स्नायू किती ताणला गेला याची खबर देणारे बारीक तंतू स्नायूतच असतात. त्यांनी किती जागं राहायचं, याचा हुकूम डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू आणि त्यालगतचा मेंदूचा देठ देतात. धाकूचा लहान मेंदू झिजत होता. हुकूम नीट पोचत नव्हता, म्हणून तंतू पेंगत होते आणि पाय ढिले पडले होते.

"बरा होईल ना?" तुळसाने विचारलं.

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "बांधावर जाऊ देऊ नका."

बाहेर आल्यावर तुळसा मला म्हणाली, "भाऊ, दारूच असती तर बरं होतं. सोडवली असती."

धाकूला गोण्या शिवायचं काम मिळालं. चिठ्ठी मेणकापडात गुंडाळून खिशात असायची. पण ती काढायच्या आधी पाठीत काठी बसली तर? लांबून खाकी दिसली की तो होता तिथे बसायचा. गटाराच्या कडेला, दुकानाच्या पायरीवर, एकदा तर भर रस्त्यात.

"बसलेल्या मानसाला कोन बेवडा म्हनल, भाऊ?"

एकदा धाकू माझा हात धरून येत असताना समोरून तोच हवालदार आला. धाकू मटकन खाली बसला.

"ऊठ की, ओळखतो मी तुला," हवालदार म्हणाला.

धाकूने मान वर केली नाही. माझा हात त्याने इतका घट्ट धरला होता की मीही त्याच्याशेजारी धुळीत बसलो. हवालदार वळणाआड गेला, तरी आम्ही बराच वेळ उठलो नाही.