सप्टेंबरातला समुद्र

पन्नाशी उलटली तरी मी समुद्र पाहिला नव्हता. गोंदियाकडच्या, कामठ्याजवळच्या आमच्या गावातून तो कुठल्याही दिशेला लांबच. पुरीला जायचं दोनदा ठरलं आणि दोन्ही वेळा राहिलं. एकदा धान कापून शेतात, बांधीत पडला होता, एकदा उन्हाळी धानाची तयारी निघाली. म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकीने आम्हा दोघांना थायलंडला पाठवायचं काढलं, तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं की बुद्ध दाखव, बाजार दाखव, पण समुद्र दाखवल्याशिवाय परत आणू नकोस.

लेकीने सगळी माहिती काढली. डिसेंबर ते मार्च तिकडे आकाश मोकळं, समुद्र शांत. सप्टेंबरात मात्र क्राबीच्या किनाऱ्यावर पाऊस झोडपतो. ह्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सप्टेंबरच ठरवला. धानाच्या रोपांची रोवणी आटोपलेली, कापणीला अवकाश, बांधीतलं पाणी बघायला मोठे दीर आहेतच. आणि दिवसभर पावसात वाकून रोवणी करणाऱ्यांना पावसाचं कसलं भ्या, असं वर म्हणाले. लेक म्हणाली, मग निदान त्या देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला जा, तिकडे मोठा पाऊस उशिरा येतो. पण समुद्रात उभ्या असलेल्या डोंगरांचा फोटो मी पाहून बसले होते. मी क्राबी सोडली नाही.

बँकॉकला उतरलो तर हवा अगदी आपल्या भादव्यासारखी, अंगाला चिकटणारी. दुपारी चारच्या सुमारास पाऊस यायचा, तासभर दणकून पडायचा आणि निघून जायचा. दुसऱ्याच दिवशी ह्यांना त्याची वेळ पाठ झाली. साडेतीन वाजले की बाजारातल्या सगळ्या परदेशी पाहुण्यांच्या आधी आम्ही आडोशाला. शहराबाहेर जुनी देवळं बघायला निघालो, तर ह्यांनी धानाच्या शेताजवळ गाडी थांबवायला लावली. तिथे रोवणी नाहीच, बी सरळ फेकतात, हे कळल्यावर देवळांपेक्षा त्या बांधावर जास्त वेळ गेला. ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, ह्यांना थाई, तरी निंदणाविषयी दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. मला तेव्हा मजा वाटली.

क्राबीत मजा संपली. आमचं हॉटेल गावात होतं आणि समुद्र बघायचा तो बोटीतून, बेटावर जाऊन. पहिल्या दिवशी पाऊस, बोट बंद. दुसऱ्या दिवशी पाऊस, बोट बंद. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी हॉटेलात बोटीच्या सहली ठरवून देणाऱ्या मुलीने हात जोडले आणि आम्हाला मॉल बघायला नेते म्हणाली. माझा पारा चढला. मॉल तर आता गोंदियातही आहे. मी ह्यांना सांगितलं की तुम्ही जा मॉलमध्ये, मी समुद्रावर चालले, भिजले तर भिजले.

ते निमूट मागून आले. एका टपाच्या गाडीत दाटीवाटीने बसून आम्ही किनाऱ्यावर पोचलो. तिथे लाल झेंडा लावलेला, म्हणजे पोहायला मनाई. डोंगर ढगात बुडालेले. आणि समोर समुद्र, मातकट, पुराच्या पाण्यासारखा, पण संपतच नव्हता. मला रडू आलं. आनंदाचं होतं, तरी मी भांडायलाच सुरुवात केली. डिसेंबरात आलो असतो तर निळा दिसला असता, तुमच्या त्या धानापायी जन्मभर असंच झालं, आणखी बरंच काही.

ते पावसात उभे राहून ऐकत होते. मग शांतपणे म्हणाले, "मले मालूम होतं का इथं पाऊस राहते. पण डिसेंबर म्हटलं असतं तर तू निंगाली असती का? धान घरात आल्याबिगर तू तं माहेरीही जात नाही."

पुरीची तिकिटं दोन्ही वेळा त्यांनीच काढून आणली होती. धान असा उघड्यावर टाकून कुठे जाता, म्हणत ती परत करायला लावली होती मी. इतकी वर्षं ते एकदाही बोलून दाखवलं नव्हतं त्यांनी. मला त्यांची फार माया आली आणि स्वतःची लाजही वाटली.

चपला त्यांच्या हातात देऊन मी घोट्याएवढ्या पाण्यात उतरले. पाणी कोमट होतं. लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकायची, आणि मी लहान पोरीसारखी किंचाळायची. ते काठावर उभं राहून हसत होते.

"पुढच्या खेपेले डिसेंबरात येऊ," मी म्हटलं.

"अन् धान चुरणे?" त्यांनी मळणीची आठवण करून दिली.

"ते आटोपून," मी म्हटलं, आणि तोंडातून शब्द निघताच माझं मलाच हसू आलं.