देवमनचे साठ ठोके

हिवरखेडकडच्या नदीवर देवमन गवई पाण्याचा वेग कानाने मोजत असे. सातवी पास, १९५५ पासून रोजंदारीवर. दोन काठांना ताणलेल्या जाड तारेवर लोखंडी पाळणा होता. त्यात बसून मधोमध जायचे, वाट्यांचे चक्र असलेला मीटर पाण्यात सोडायचा आणि हेडफोन कानाला लावायचा. चक्राच्या पाच फेऱ्या झाल्या की कानात एक ठोका. मिनिटाला ठोके किती, त्यावरून वेग.

संथ पाण्यात हे कुणालाही जमते. पुरात काडीकचरा वाट्यांना अडतो, आतली तार थरथरते आणि एका ठोक्याचे दोन ऐकू येतात. देवमन पहिले मिनिट नुसता ऐकायचा. मग डाव्या हाताच्या पेरांवर सगळे ठोके मोजायचा आणि जोडीने आलेल्यातला दुसरा उजव्या हाताच्या पेरांवर वेगळा धरायचा. शेवटी वजाबाकी. हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

ऑगस्ट १९५९ च्या पुरात चौऱ्याहत्तर ठोके आले. त्यातले चौदा खोटे. उरले साठ. आणखी दोनदा मोजले : एकसष्ट, एकोणसाठ. त्याने वहीत साठ लिहिले. त्याआधीचा सर्वांत मोठा आकडा अडतीस होता.

अकोल्याच्या कचेरीत वह्या तपासणारे मोरोपंत साहेब नियमाने चालत. आकडा आजवरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या दीडपटीवर गेला की तो चूक. त्यांनी साठावर काट मारली.

"इतक्या वर्षांत या नदीला एवढी घाई झालेली नाही, देवमन."

"सायेब, डबल ठोके काढूनच मांडलं. तीनदा ऐकलं."

"पुरात कान फसतो."

"फसवनारे चौदा म्या पयलेच काढले, सायेब."

शेजारचा कारकून हसला. "एवढे तिखट कान हायेत तं गवयाकडं तबला धरा नं, गवई."

१९६१ मध्ये तिथे पूल झाला, अडतीस ठोक्यांचा वेग धरून. पुढच्याच पावसाळ्यात त्याचा कडेचा खांब आणि भराव वाहून गेला. चौकशी लागली. याहून जास्त वेग कधी मोजला होता का, असे वरून विचारले गेले. वहीत काट मारलेले साठ स्पष्ट वाचता येत होते.

मोरोपंतांनी देवमनला बोलावून दोन कागद पुढे ठेवले. एक, कायम करायच्या माणसांची यादी. त्यात त्याचे नाव होते, खाली साहेबांची सही व्हायची होती. दुसरा, त्याचा तयार जबाब : 'त्या दिवशी मला दुहेरी ठोके वेगळे करता आले नाहीत.'

"आधी हा," मोरोपंत म्हणाले.

देवमनने सही केली.

घरी बायको, पंचफुला, भाकरी थापत होती.

"म्हंजे तुमाले मोजता येत नाई, असं लिहून देल्लं?"

"हो."

"अन् कायम कायचे झाले? मोजनारे?"

"हो."

"वा रे वा! काहून केलं असं?"

"सात वर्सं झाली रोजंदारीले. पुढच्या पावसाळ्यात काढून टाकलं असतं त्यायनं."

तव्यावरची भाकरी करपली.

१९६६ च्या पुरात देवमन पुन्हा पाळण्यात होता. तीनदा मोजले, तिन्ही वेळा खोटे ठोके वगळून अठ्ठावन्नच्या आसपास आले. त्याने वहीत एकोणचाळीस लिहिले. वही अकोल्याहून तपासून परत आली. त्या पानावर 'बरोबर' असे लिहिलेले होते.