चालक म्हणून माझं नाव

मंगळवारी सकाळी केजच्या जीपस्टँडवर माझे पती खाली बसले आणि उठले नाहीत. त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान हलवली. मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांवर क्रमांक लिहीत होते.

आमचा एकुलता मुलगा सुहास न्यूझीलंडमध्ये गाईंच्या एका फार्मवर नोकरीला आहे. त्याच्या व्हिसाचे कागद तेव्हा अर्ध्यात होते. देश सोडला असता तर पुन्हा जाता आलं नसतं, म्हणून येऊ नकोस असं मीच त्याला सांगितलं. अग्नी माझ्या धाकट्या दिरांनी दिला आणि सुहासने तो मोबाइलवर पाहिला. त्यानंतर वर्षभर तो रोज फोन करायचा, जेवलीस का विचारायचा, पण ‘बाबा’ हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही आला नाही. मी विषय काढला की “गाईंकडे जायचंय” म्हणायचा आणि फोन ठेवायचा. इकडे मीही देवघरासमोर बसणं सोडलं होतं. अंबाजोगाईच्या योगेश्वरीला मी लहानपणापासून मानत आले. तिच्याशी भांडण झालं होतं असं नाही, पण बोलणं राहिलं नव्हतं. त्या सकाळी मी हाक मारली असती तर तिने ऐकलं असतं का, की ऐकणारं कुणी नसतंच, हा प्रश्न मी वर्षभर मनात घेऊन फिरले, आणि पुस्तकं वाचूनही त्याचं उत्तर मिळालं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा ठरवलं, तो येऊ शकत नाही तर आपण जायचं. तिथीच्या दिवशी त्याच्या हातून वडिलांना तिळाचं पाणी मिळालं पाहिजे. ते झालं नाही तर हा मुलगा असाच आतून मिटलेला राहील, एवढीच भीती मला होती. सोबत यायला दीर लगेच तयार झाले. ह्यांच्यासारखे तेही जीपचालक. तिकडे विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची, ती भावजींनी चालवायची, असं ठरलं. गाडी सुहासने तिथूनच नोंदवून ठेवली.

पोहोचायचं होतं आदल्या संध्याकाळी. मधलं विमान चुकलं आणि आम्ही त्या देशाच्या दक्षिण टोकाच्या लहानशा विमानतळावर उतरलो तो तिथीचाच दिवस उजाडला होता. सकाळचे साडेआठ. फार्म तिथून दीडशे किलोमीटरवर. सुहास सकाळच्या धारा उरकून दहाला मोकळा व्हायचा आणि दोनला पुन्हा गाईंकडे जायचा. मालक परगावी होते, त्यामुळे त्याला हलता येत नव्हतं. बस त्या दिवशी नव्हती.

गाड्यांच्या काउंटरवरच्या मुलीने लायसन मागितलं. भावजींनी ऐटीत खिशातून काढून दिलं. तिने ते उलटंपालटं केलं, नखाने कडेला खरवडलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती लॅमिनेट केलेली झेरॉक्स होती.

“भावजी, ओरिजिनल कुठंय?”

“घरी. लोखंडी कपाटात, देवीच्या फोटूमागं. लई जपून ठिवलंय.”

“इथे नाही आणलं?”

“आवो वयनी, ओरिजिनल कुणी संगं घेऊन हिंडतं का? हरवलं म्हंजे? आन् ही कलर हाय, साधी न्हाई. अशा तीन हायत माज्याकडं.” त्यांनी खरोखरच उरलेल्या दोन काढून काउंटरवर मांडल्या. “तिला म्हणावं, लागलं तर तिन्ही ठिवून घे.”

मी ते इंग्रजीत सांगितलं नाही. आपल्याकडे सगळेच असं करतात, सातबारापासून गुणपत्रिकेपर्यंत मूळ कागद कपाटात आणि झेरॉक्स खिशात, हे त्या मुलीला कसं समजवायचं? ती सभ्यपणे म्हणाली की मूळ लायसन असल्याशिवाय किल्ली देता येत नाही. मग तिने पडद्यावर पाहिलं आणि विचारलं, “पण पहिल्या चालक तर तुम्हीच आहात ना?”

सुहासने अर्ज भरताना, लग्नपत्रिकेत घालतात तसं, मोठ्याचं नाव आधी घातलं होतं. मी वहिनी, म्हणून मान माझा. मी गाडी चालवीन असं त्याच्या मनातही आलं नसणार. आणि माझं लायसन माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये होतं, मूळचं. गाडी चालवायला म्हणून मी ते आणलं नव्हतं. पन्नाशी ओलांडल्यावर हे मला हट्टाने नूतनीकरणाला घेऊन गेले होते, “असू दे, चालवशील कधीतरी,” म्हणत. आम्ही दोघांनी जोडीने केलेलं ते शेवटचं काम, म्हणून ते कार्ड मी सोबत बाळगत असे. कार्डावर सगळं इंग्रजीत छापलेलं, मुदत चालू. अनामतीसाठी लागणारं बँकेचं कार्डही माझ्या नावाचं. मुलीने माझा चेहरा फोटोशी ताडून पाहिला आणि किल्ली माझ्यासमोर ठेवली.

मला चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, मांजरा धरणाच्या कडेच्या रस्त्यावर, भर दुपारी, रस्ता मोकळा असताना. पुढे कधीमधी शुक्रवारी अंबाजोगाईपर्यंत जीप मी न्यायची आणि हे शेजारी बसून शेंगा खायचे. ते गेल्यापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

गाडी क्लच नसलेली निघाली. डावा पाय सवयीने क्लच शोधायचा आणि ब्रेक दाबायचा. विमानतळाच्या आवारातच आम्ही चार वेळा गचके खाल्ले. तिळाचा डबा मांडीवर धरून बसलेले भावजी म्हणाले, “वयनी, तीळ हितंच सांडले तर दादाला काय बिस्किट वाढायची का?” मला हसू आलं आणि पाठोपाठ रडू. मी गाडी बाजूला घेतली, कपाळ स्टिअरिंगवर टेकलं आणि वर्षभरात पहिल्यांदा योगेश्वरीशी बोलले. नवस नाही, स्तोत्र नाही. एवढंच म्हटलं, “आई, मला जमत नाहीये. तू बघ.”

काचेवर टकटक झाली. एक म्हातारा उभा होता. अर्धी चड्डी, पायात गमबूट, मागे त्याची उघड्या हौद्याची पिकअप गाडी आणि तिच्यात दोन कुत्री. मी काच खाली केली. त्याने माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की हा पाय मागे, सीटखाली घ्या आणि विसरून जा. मग कुठे जायचंय विचारलं. मी कागदावरचा पत्ता दाखवला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, मीही तिकडेच चाललोय, माझ्या मागे या.

मी त्याच्या मागे निघाले. रस्ता आपल्यासारखाच डाव्या हाताचा. दोन्हीकडे कुरणं आणि मेंढ्या. तिथे एका गाडीपुरते अरुंद पूल असतात आणि कुणी आधी जायचं ते पाटीवर लिहिलेलं असतं. प्रत्येक पुलाआधी तो खिडकीतून हात बाहेर काढायचा, थांबा किंवा या. वळणांवर वेग कमी करायचा, आरशात मला पाहायचा. भावजी सुरुवातीला पाय दाबून बसले होते, पंचवीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, नसलेले ब्रेक मारत. तिसऱ्या पुलानंतर त्यांनी पाय सैल सोडले. “दादानं शिकीवलेली लाइन हाय ही,” ते म्हणाले. “वळणावर गाडी अशी त्योच घ्यायचा.” आयुष्यात माझ्या वाचनाचं कौतुक अनेकांनी केलं आहे. त्या वाक्याएवढा अभिमान मला कशाचाच वाटला नाही.

दोन तासांनी फार्मचा फाटा आला. म्हाताऱ्याने गाडी थांबवून डावीकडे हात दाखवला, टोपी उचलली. मी आभार मानायला उतरेपर्यंत त्याने गाडी वळवली आणि आलो होतो त्याच रस्त्याने परत निघाला.

“वयनी,” भावजी म्हणाले, “ह्यो तर माघारी चालला की. त्याची वाट इकडं नव्हतीच!”

आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून त्या गाडीकडे पाहत राहिलो. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

सुहास फाटकाशी उभा होता. गाडी थांबली तेव्हा तो काकांना भेटायला म्हणून चालकाच्या बाजूला आला. दार उघडून मी उतरले. त्याने माझ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, आणि म्हणाला, “आई, बाबा बघायला पाहिजे होते गं.” एवढं बोलून तो गाडीला टेकून रडला, लहानपणी रडायचा तसा, आवाज करून. त्याच्या पाठीवर हात ठेवून मी उभी राहिले. घड्याळात साडेअकरा वाजत आले होते.

फार्ममागच्या ओढ्याकाठी त्याने दक्षिणेकडे तोंड करून तीळ आणि पाणी सोडलं. मी वहीत लिहून नेलेलं वाचत गेले आणि तो करत गेला. पिंड ठेवले, पण तिथे कावळे दिसेनात. बऱ्याच वेळाने काळापांढरा एक पक्षी आला आणि त्याने चोच लावली. भावजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

हा चमत्कार होता असं मी कुणाला सांगत नाही. एका भल्या म्हाताऱ्याने आपली सकाळ आम्हाला दिली, हेही खरंच आहे. पण तो काचेशी आला तो मी “तू बघ” म्हटल्यानंतर आला, आणि मला त्याबद्दल कृतज्ञ राहायचं आहे. शरण जाणं म्हणजे हातपाय गाळणं, असं मी पुस्तकांतून समजत होते. त्या दिवशी स्टिअरिंग माझ्याच हातात होतं, घाम मलाच येत होता. फक्त पोहोचवणं माझ्याकडे नव्हतं, आणि ते मान्य केल्यावर रस्ता दिसू लागला. ह्यांनी शिकवलेलं आणि तिने पाठवलेलं यांतली रेघ कुठे आहे ते मला सांगता येत नाही.

परत येऊन पाच महिने झाले. सुहास रोज फोन करतो. तो बाबांविषयी बोलतो.