माहेरी गेलेल्यांची मोजणी

परवा नात कुठल्याशा पुस्तकातून मोठ्यानं वाचत होती, की निजामाच्या राज्यात पटकीची मोठी साथ आली तेव्हा तिची झळ आमच्या भागाला फारशी लागली नाही. मी म्हटलं, मीट ते पुस्तक. फारशी लागली नाही म्हणे! मोजायला आलेला माणूस मी या डोळ्यांनी पाहिलाय.

आमच्या गावात पटकीच्या देवीचा, मरीमायचा गाडा शिवेपार नेऊन सोडेपर्यंत 'मेला' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. तो ऐकला की ती माघारी फिरते, असं मोठी माणसं मानायची. म्हातारा गेला तर 'गावाला गेला', सून गेली तर 'माहेरी गेली', लेकरू गेलं तर 'मामाच्या गावाला गेलं'. माझी थोरली जाऊ अशीच एका दिवसात माहेरी गेली. तिला माहेर उरलंच नव्हतं.

तहसिलीतून माणूस आला तेव्हा गाडा अजून निघायचा होता. जिथं माणसं पटकीनं दगावली, त्याच गावाच्या विहिरीत लाल औषध टाकणार होते, तिथंच सुया टोचणार होते. नाकाला रुमाल लावून तो ओसरीवर टेकला.

"इस घर में कौन मरा?"

मामंजी म्हणाले, "कुनी न्हाई साहेब. थोरली सून माहेराला गेली."

मी दाराआडून ओरडले, "मेली ती! पटकीनं मेली!" सासूबाईंनी माझं तोंड दाबलं.

"धाकली येडी हाय," मामंजी म्हणाले. "तिच्याकडं ध्यान देऊ नका."

त्याला कळलं नसेल? ऐन पेरणीत गावातल्या एवढ्या सुना माहेरी कशा जातील, एवढी अक्कल नव्हती त्याला? होती. पण कुणी दगावलं नाही म्हटलं की त्याचंही काम हलकं होत होतं. मामंजींचा मला राग येतो, पण ते भ्यालेले होते. हा मेला भ्यालेला नव्हता, कामचुकार होता.

औषध ओढ्यापलीकडच्या गावाला गेलं. आम्ही त्याच विहिरीचं पाणी पीत राहिलो. माझी लेक नुकती पावलं टाकायला लागली होती. सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं. मामंजींनी शेजाऱ्यांना सांगितलं, "मामाच्या गावाला गेली."

साथ ओसरल्यावर साखऱ्याहून माझा भाऊ आला. भाचीसाठी झबलं शिवून आणलं होतं त्यानं. आल्या आल्या म्हणाला, "कुठं हाय माझी पोरगी?"

मामंजी तोंड फिरवून गोठ्याकडं निघाले. खुद्द मामापुढं ते काय सांगणार होते?

"मेली रे दादा," मी म्हटलं. "पटकीनं मेली."

गाडा शिवेपार गेला होता, आता 'मेली' म्हणायला कुणाची हरकत नव्हती. मोजायला मात्र पुन्हा कुणी आलं नाही.