हवालदारांचा उंबरा

मी आयुष्यात पहिली इमारत बांधली, तिला उंबरा ठेवला नाही.

विसरलो असतो तर एक वेळ चाललं असतं. पण मी तो मुद्दाम, विचार करून वगळला होता. मुंबईला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होतो. म्हणजे सगळं शिकून झालं असं ज्या वयात वाटतं त्या वयात. सुट्टीला भोरला मामांकडे आलो, तेव्हा गावातल्या काही सद्गृहस्थांनी उत्रोलीच्या अंगाला, भातखाचरांच्या वरच्या माळावर, निराधार म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी एक आसरा बांधायचं ठरवलं होतं. मामा त्या कमिटीत. नकाशे काढणारा भाचा घरातच जेवायला बसलेला, मग बाहेर कोण शोधतो?

आंधळी, लंगडी, गुडघ्यांतून गेलेली माणसं तिथे राहणार. त्यांना ठेच लागता कामा नये, म्हणून मी अंगण, पडवी आणि आतली जमीन एका पातळीत घेतली. आत एक लांबच लांब दालन, मध्ये कमरेइतक्या भिंती, आणि दार एकच, समोरचं. वारा या टोकाकडून त्या टोकाला जाईल आणि देखरेख करणाऱ्याला एका नजरेत सगळे दिसतील. सुताराने विचारलं, "उंबरा?" मी त्याला व्याख्यान दिलं. त्याने ते ऐकून घेतलं, दाराच्या चौकटीला तीनच लाकडं लावली आणि जाताना म्हणाला, "तुमचं घर, तुमी बघा."

घर माझं नव्हतंच, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही. ज्यांचं होतं, त्यांतले एक म्हणजे हवालदार.

दार उघडं दिसलं की सरळ चुलीपर्यंत जाणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हवालदार त्यांच्या अगदी उलट. दार सताड उघडं असलं, आत माणसं त्यांचीच वाट बघत बसलेली असली, तरी ते बाहेर थांबायचे, कुबडी जमिनीवर आपटायचे आणि विचारायचे, "येऊ का?" बाजारातल्या चहाच्या दुकानातसुद्धा. दुकानदार वैतागायचा. "आवं हवालदार, दुकान हाय ह्ये. घर न्हवं."

"असंना का. तू ये म्हनल्याबिगर कसं यायचं?"

देवळाच्या दारातही ते असंच विचारतात आणि देव काही बोलत नाही म्हणून बाहेरूनच हात जोडून परततात, असं लोक सांगत. ते मी पाहिलेलं नाही.

हवालदार हा हुद्दा गावाने दिलेला. पहिल्या महायुद्धात ते तिकडे इराकात, बसऱ्याला गेले होते, पण खेचरं हाकायला. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. कमिटीच्या लोकांपुढे तो पाय बसऱ्याला राहिलेला असे. गावच्या बायांपुढे ते खरं सांगत, की परत आल्यावर वेल्ह्याच्या रानात हिरड्याच्या झाडावरून पडलो. मला कुठल्या लोकांत धरावं हे त्यांना ठरवता येईना, म्हणून मला त्यांनी दोन्ही सांगितलं.

वेल्ह्याकडच्या वाडीत ते पुतण्याच्या गोठ्यालगतच्या पडवीत राहत. त्या साली पुतण्याने तिथे वासरं बांधली आणि हवालदारांना आमच्या कमिटीचा पत्ता सांगितला. त्यामुळे आसऱ्यात पहिलं नाव त्यांचं लागलं.

वैशाखात इमारत तयार झाली. पाचसहा म्हातारी माणसं बोचकी घेऊन बैलगाडीतून उतरली. मी धुतलेला सदरा घालून दारात उभा होतो. सगळ्यांत पुढे हवालदार. ते दारापाशी आले, खाली बघितलं, कुबडी मागे घेतली, पुन्हा पुढे टेकली आणि तिथेच थबकले.

"या ना बाबा, सरळ आत या. काही अडत नाही," मी म्हणालो. त्या वाक्यासाठी मी महिनाभर खपलो होतो.

"अडत न्हाई, त्येच तर बघतोय," हवालदार म्हणाले. "भाईर कुटवर आन् आत कुटनं?"

मी हवा, उजेड आणि ठेच यांवर बोललो. त्यांनी मान डोलावली आणि मागे वळून समोरच्या जांभळीखाली जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग बाकीचेही बसले. संध्याकाळी चुली तिथेच पेटल्या. अंथरुणं तिथेच पडली.

कमिटीचे अध्यक्ष निवृत्त मामलेदार होते, सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. दोन दिवसांनी ते आले, जांभळीखालचा संसार बघितला आणि मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाले, "मृगापर्यंत हे लोक आत गेले नाहीत, तर मी ही जागा हिरड्याच्या व्यापाऱ्याला गोदामाला देतो. तो मागतोच आहे. पोत्यांना उंबरा लागत नाही."

म्हणजे पावसाळ्यात हवालदारांना ना पुतण्याची पडवी, ना आमचं दालन. मी हे त्यांना सांगायला गेलो. जाताना वाटत होतं, माणूस घाबरेल. हवालदार बिडी वळत होते.

"दिऊ द्या," ते म्हणाले.

"अहो, मग जाल कुठे?"

"तुमी बसा वाईच." मी बसलो. "पुतन्याच्या पडवीला तिन्ही अंगाला भित न्हवती. माज्या अंथरुनावरनं त्येचं सासरं जायाचं, पोरं जायाची, कोंबड्या बी जायाच्या. म्या कदी कुनाला न्हाई म्हनलं न्हाई. पर कुनी इचारलं बी न्हाई. हितं बी तसंच. तुमचा रावसायेब जोड्यासकट थेट माज्या उशापातुर येनार. म्हंजी कोंबड्या गेल्या आन् रावसायेब आलं."

"मग काय हवं तुम्हाला?"

"मला कुनाला तरी 'या' म्हनायचं हाय. उंबरा असंल तर मानूस थांबतंय. थांबलं तर इचारतंय."

मला वास्तविक हे पटायला वेळ लागला असता. पण मृग जवळ होता, आणि माझी पहिली इमारत हिरड्यांनी भरलेली मला बघायची नव्हती. तेव्हा पटलं असं धरून चाललो.

रावसाहेबांना हा सगळा युक्तिवाद सांगण्यात अर्थ नव्हता. ते सापांना भितात एवढं मला माहीत होतं. मी त्यांना म्हणालो, "माळावर जनावरं फार. कमरेएवढ्या भिंती कारवीच्या काटक्यांच्या कुडाने वर नेल्या, प्रत्येक खोलीला दार केलं आणि उंबरा घातला, तर साप आत येणार नाही."

"उंबऱ्याने साप थांबतो?"

"वीतभर उंच असला की थांबतो," मी छातीठोकपणे सांगितलं. साप कशाने थांबतो हे मला आजही माहीत नाही. पण रावसाहेबांनी पाय जरा वर घेतले आणि होकार दिला.

झालं, सुतार परत आला. त्याने मोठ्या चौकटीचं राहिलेलं चौथं लाकूड मोजायला घेतलं. मोठ्या दाराला उंबरा बसला, मग खोल्यांना. म्हाताऱ्यांनी प्रत्येक उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं. पहिली खोली हवालदारांची.

ते बाहेर उभे राहिले. कुबडी आपटली. "येऊ का?"

खोली रिकामी. ते थांबलेले. बाकीचे बघताहेत. मला राहवेना, मागून म्हणालो, "या."

हवालदार वळले. "तुमी कोन या म्हननारं? खोली माजी हाय." मग स्वतःशीच "या" म्हणाले, कुबडी आत टाकली, एकुलता पाय उंबऱ्याला अडकला आणि सपशेल आत पडले. सगळे हसले. सुतार सगळ्यांत जास्त. आत उठवायला जावं म्हणून मी पाऊल उचललं, तर जमिनीवरूनच आवाज आला, "इचारा आदी."

मी पाऊल मागे घेतलं. "येऊ का?"

ते सावकाश उठून भिंतीला टेकले. सदरा खाली ओढला. मुंडासं सारखं केलं. मी हातभरावर त्यांच्यासमोर उभा.

"कोन हाय?"

"मी."

"मी कोन?"

मी वडिलांच्या नावासकट नाव सांगितलं.

"काय काम काढलं?"

"सहज आलो होतो."

त्यांनी थोडा विचार केला. "या," म्हणाले.

पहिल्या पाहणीला रावसाहेब आले, तेव्हा मी त्यांच्या मागेच होतो. त्यांनी पाय उचलला आणि आतून "कोन हाय?" आलं. रावसाहेबांनी नाव सांगितलं. "थांबा वाईच, धोतर नेसतोय." धोतर नेसलेलं मला दाराच्या फटीतून दिसत होतं. रावसाहेब उंबऱ्याबाहेर ताटकळत उभे. मी मनात म्हटलं, आता हिरडा येतो. बऱ्याच वेळाने "या" ऐकू आलं. रावसाहेबांनी इकडेतिकडे बघितलं आणि जोडे बाहेर काढून आत गेले. त्यानंतर गोदामाचा विषय निघाला नाही. दर पाहणीला ते जोडे बाहेरच काढत.

पुढे मी परीक्षा पास झालो, मुंबईत नोकरीला लागलो, मोठमोठ्या बंगल्यांचे जिने काढू लागलो. हवालदार गेल्याचं मामांकडून कळलं, तोवर त्यांचं तेरावं होऊन गेलं होतं.

नंतर एकदा नसरापूरला प्रवाशांच्या सर्विस मोटारीतून उतरलो, तिथून भोरला आलो आणि उत्रोलीकडे चालत गेलो. बाकीच्या खोल्यांपुढची सारवलेली जमीन सपाट होती. पहिल्या खोलीपुढची मात्र, लोकांनी उभं राहून राहून, खोलगट झालेली. सारवताना कुणी ती भरली नव्हती. मी त्या खळग्यात उभा राहिलो.

"येऊ का?"

"कोन हाय?" आतून म्हातारीचा आवाज.

"मी."

"मी कोन?"

मी वडिलांच्या नावासकट नाव सांगितलं. तिला त्यातून काही बोध झाला नाही. आत जरा हालचाल झाली. पदर सारखा केला असावा.

"या," ती म्हणाली. "पर खाली बगून या. कुना येड्यानं वीतभर उंबरा घातलाय, रोज ठेच लागती."